भाजीच्या कॅलरी मोजायच्या की फोडणीच्या?

वजन कमी करायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो. पोळी, भात, वरण लिहितोय ते ठीक, पण काकडी, टोमॅटो, पालकसुद्धा लिहून काढायचं? एक पेरू खाल्ला तर त्याचाही हिशोब ठेवायचा? सल्ले दोन्ही बाजूंनी मिळतात. एक म्हणतो, फळं-भाज्या खाऊन कोणी जाड झालंय का, खा पोटभर. दुसरा म्हणतो, कॅलरी ती कॅलरी, मग ती केळ्यातली असो नाहीतर करंजीतली.

रोजच्या स्वयंपाकघरात चालणारी पद्धत अशी. पाणीदार भाज्यांची दिवसाला एक ठोक रक्कम धरून मोकळं व्हायचं. फळं नगावर मोजायची. बटाटा, रताळं, मटार यांना भात-पोळीच्या खात्यात टाकायचं. आणि भाजीत जे काही पडतं, म्हणजे तेल, दाण्याचं कूट, खोबरं, गूळ, डाळ, ते मात्र काट्यावर मोजायचं. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात. काकडीच्या चकत्या मोजून लिहितात आणि फोडणी नजरेच्या अंदाजाने घालतात.

दुधीच्या भाजीचा जमाखर्च

चार माणसांची चणाडाळ घातलेली दुधीची भाजी घ्या. बाजारातून पाऊण किलोचा दुधी आणला, साल आणि बिया काढल्यावर ६०० ग्रॅम राहिला. दुधीत १०० ग्रॅमला साधारण १५ कॅलरी असतात, म्हणजे अख्ख्या दुधीच्या झाल्या ९०. आता बाकीचं बघा. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम चणाडाळ: ११०. फोडणीला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलि तेल: २५०. वरून ३० ग्रॅम ओलं खोबरं: १०५. गुळाचा १० ग्रॅमचा खडा: ४०. एकूण ५९५, माणशी दीडशेच्या आत-बाहेर. त्यात दुधीचा वाटा २२ किंवा २३.

म्हणजे ज्याने ‘दुधी आहे, काय मोजायचा’ म्हणून पानच कोरं सोडलं, त्याने २२ नाही, १५० कॅलरी सोडल्या. दोन वेळा भाजी खाल्ली तर ३००. वजन हळूहळू उतरावं म्हणून दिवसाला ४०० ते ५०० कॅलरी कमी खायचं बहुतेकांनी ठरवलेलं असतं. त्यातला निम्म्याहून अधिक भाग इथेच बुडाला.

कोशिंबिरीचं गणित तर अजून मजेदार आहे. दोन काकड्या, २५० ग्रॅम: ३८ कॅलरी. शीग लावून दोन मोठे चमचे कूट, कमीत कमी २० ग्रॅम: ११५. चमचाभर तुपाची फोडणी: ४५. चिमूट-दोन चिमूट साखर: १०. खमंग काकडी म्हणून जी आपण सॅलडच्या रकान्यात टाकतो, तिच्यात अर्ध्याहून जास्त वाटा शेंगदाण्याचा असतो. कूट अर्ध्यावर आणा आणि दोन चमचे दही वाढवा, चव फारशी हलत नाही. कूट पूर्ण काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात. ती कोशिंबीर चार दिवसांत ताटातून जाते आणि तिच्याबरोबर काकडीही जाते, म्हणून तसं करू नका.

भरल्या वांग्यात वांग्याचा वाटा याहून कमी असतो. पीठ पेरून केलेल्या सिमला मिरचीत ४० ग्रॅम बेसनाचे १५५ आणि ते पीठ कोरडं राहू नये म्हणून ओतलेलं जास्तीचं तेल. अळूचं फतफतं असो नाहीतर अळूवडी, पानं बिचारी निर्दोष असतात.

ठोक रक्कम धरायची कशी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहाराच्या नमुन्यात २००० कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं आहेत. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते आणि त्यात बटाटा, रताळ्यासारखी कंदमुळं धरत नाही. आपल्याकडे ताटात डावीकडे-उजवीकडे मिळून इतकी भाजी बहुतेकांच्या पोटात जातच नाही, हा वेगळा विषय.

या ४०० ग्रॅम भाजीच्या कॅलरी किती? हलका दिवस धरू: १५० ग्रॅम दुधी, १०० पालक, १०० काकडी, ५० टोमॅटो. बेरीज ७० च्या आसपास. जड दिवस धरू: १५० ग्रॅम फरसबी, १०० गाजर, १०० कांदा, ५० बीट. बेरीज १५०. रोज कितीही फेरफार केली तरी आकडा या दोहोंत कुठेतरी पडतो. म्हणून दिवसाला १०० कॅलरी ‘भाजी’ म्हणून सकाळी उठल्याबरोबर लिहून टाका. तुमची मर्यादा १५०० असेल तर दिवस १४०० पासून सुरू झाला असं समजा. मग दिवसभरात काकडी खा, मुळा खा, आमटीतला टोमॅटो, भाजीतला कांदा, काहीही परत लिहू नका.

ही रक्कम कोणत्या भाज्यांना लागू? काकडी, टोमॅटो, मुळा, कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका, पडवळ, घोसाळं, कारलं, तोंडली, भेंडी, वांगी, सिमला मिरची, फरसबी, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा, कांदा, गाजर, बीट आणि सगळ्या पालेभाज्या. गाजर-बीट गोड लागतात म्हणून अनेक जण घाबरून वगळतात. १०० ग्रॅमला ४० ते ४५ कॅलरी आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. गाजर हलव्याची गोष्ट निराळी, तिथे गाजर हे निमित्त.

मग शून्यच का धरू नये? धरू शकता. वजन उतरवण्याचे कार्यक्रम चालवणाऱ्या वेट वॉचर्स या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये, कॅलरींऐवजी गुण मोजायच्या आपल्या पद्धतीत, बहुतेक फळांनाही शून्य गुण दिले होते, भाज्यांना तर आधीपासूनच. पण तिथे बाकीच्या पदार्थांचा कोटा हे शून्य गृहीत धरूनच बेतलेला असतो. तुम्ही मर्यादा काढली अॅपवरून, जी सगळं अन्न धरून आहे, आणि मोजताना भाजी-फळं वगळली, तर दोन वेगवेगळ्या वह्यांचा ताळमेळ लावल्यासारखं होतं. तीन फळं आणि अर्धा किलो भाजी वगळली की अडीचशे-तीनशे कॅलरी कागदाबाहेर राहतात. वगळायचंच असेल तर मर्यादाच तितकी खाली घ्या. एक पद्धत धरा आणि मधूनच बदलू नका. मार्चमध्ये मोजत होतो, एप्रिलमध्ये सोडलं, अशा नोंदींवरून वजन का अडकलं ते कोणालाच सांगता येणार नाही.

उणे कॅलरींची भाजी असा एक समज फिरत असतो, की काकडी पचवायलाच तिच्यातल्यापेक्षा जास्त शक्ती लागते. तसं होत नाही. पिष्टमय अन्न पचवायला त्यातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा खर्च होतो. काकडीच्या पंधरांपैकी एक-दोन गेल्या, बाकीच्या मिळाल्याच.

भाजी म्हणवणाऱ्या, पण भात-पोळीच्या खात्यातल्या

बटाटा (१०० ग्रॅमला ७७), रताळं (८६), मटार (८१), मक्याचे गोड दाणे (८६), अरवी, सुरण, कच्चं केळं, ओले पावटे, तुरीचे दाणे, सोललेला हरभरा. यांना ठोक रकमेत घुसवू नका. बटाटा हा अपराधी नाही. उकडलेला बटाटा पोट चांगलं भरतो आणि मध्यम आकाराचा एक म्हणजे ९० कॅलरी, जवळपास एका पोळीइतकाच. चूक होते ती ताटात. बटाट्याच्या काचऱ्या, दोन पोळ्या आणि वर भात, अशा जेवणात भाजी नाहीच. तिन्ही एकाच जातीचे पदार्थ, आणि काचऱ्यांनी तेल प्यायलेलं ते वेगळंच. बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी करा आणि जोडीला कच्चं काहीतरी घ्या, हिशोब आपोआप बसतो.

मटार-उसळ हे कडधान्याच्या ओळीत लिहा. डिसेंबर-जानेवारीत किलो-किलो मटार सोलला जातो, तेव्हा ही ओळ विसरली की दिवसाला शंभरेक कॅलरी सहज निसटतात.

नारळ हा भाजीवाल्याकडे मिळतो एवढंच. ओलं खोबरं १०० ग्रॅमला ३५०, सुकं ६५० च्या पुढे. अॅव्होकॅडो १६०. ही तेलाच्या रांगेतली मंडळी आहेत.

काटा कसा वापरायचा

पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल किचन काटा पुरतो. तो वापरताना ठरावीक चुका होतात.

तेल चमच्याने मोजू नका, बाटली मोजा. तेलाची बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, हवं तेवढं कढईत ओता, बाटली परत ठेवा. काटा उणे १२ दाखवत असेल तर १२ ग्रॅम तेल गेलं. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १०८. चमचा न भरता, हात तेलकट न करता काम होतं. कूट, गूळ, खोबऱ्याचे डबेही असेच मोजता येतात.

भाजी कच्ची, निवडून, चिरून झाल्यावर तोला. शिजल्यावर तोलली तर आकडा पाण्यावर जातो. मेथीची भली मोठी जुडी निवडल्यावर निम्मी होते आणि कढईत वाटीभर उरते. पाणी उडतं, कॅलरी तिथेच राहतात. ‘शिजलेला पालक १०० ग्रॅम’ आणि ‘कच्चा पालक १०० ग्रॅम’ या अॅपमधल्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, त्यांची अदलाबदल करू नका.

रिकाम्या कढईचं वजन एकदा करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. भाजी झाली की कढईसकट तोला, रिकाम्या कढईचं वजन वजा करा. दुधीची भाजी एकूण ७०० ग्रॅम भरली आणि तुम्ही १४० वाढून घेतली तर एक पंचमांश, म्हणजे ५९५ पैकी १२० कॅलरी तुमच्या. ‘एक वाटी’ पेक्षा हे खूप नेमकं, कारण वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. गरम कढई थेट काट्यावर मात्र ठेवू नका, प्लॅस्टिक वितळतं आणि आकडाही भरकटतो. मध्ये लाकडी पाट नाहीतर जाड पुठ्ठा घाला आणि त्यानंतर शून्य करा.

घरातल्या सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो आणि रोज तोलत बसणं शक्य नाही, अशा वेळी महिन्याचं तेल मोजा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल तर ते २७६० ग्रॅम झालं. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस: माणशी २३ ग्रॅम, दिवसाला २०७ कॅलरी. हा आकडा ‘तेल’ म्हणून रोज ठोक लिहा आणि मग भाजीत पुन्हा तेल धरू नका. तळण किती केलं यावर तो थोडा खाली-वर होईल, पण ‘आमच्याकडे तेल फार कमी लागतं’ या वाक्यापेक्षा खरा असेल.

भाजीच्या कॅलरी किती धरायच्या हे शोधताना राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटकांची तालिका सापडली तर एक लक्षात ठेवा: त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८ ने भागल्यावर आपल्या ओळखीची कॅलरी मिळते. हे न कळल्यामुळे दुधीला चौपट कॅलरी लावणारे लोक आहेत.

तेल कमी करायचं म्हणजे नक्की काय करायचं

अर्धा किलो भाजीला दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलि तेल पुरतं, पण मोठ्या कढईत नाही. पसरट तळावर एवढ्या तेलात मोहरी तडतडत नाही, करपते, मग हात आपोआप बाटलीकडे जातो. लहान कढल्यात फोडणी करा, मोहरी-जिरं-हिंग-हळद फुलू द्या आणि भाजीवर ओता. किंवा कढई तिरकी धरून तेल एका कोपऱ्यात जमवा.

नंतर शिजवायचं काम तेलाचं नाही, वाफेचं. भाजीवर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालायचं ही जुनी रीत त्यासाठीच आहे. आतली वाफ थंड झाकणाला लागून परत भाजीवर पडते, भाजी तळाला लागत नाही, तेल वाढवावं लागत नाही. झाकणावरचं पाणी गरम झालं की तेच लागेल तसं भाजीत घालायचं. कोबी, फ्लॉवर, तोंडली, गवार यांना ही रीत उत्तम.

वांगी आणि भेंडी यांना वेगळं धोरण लागतं. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो, गरम तेलात पडला की घातलेलं सगळं ओढून घेतो आणि कढई कोरडी दिसते म्हणून आणखी तेल पडतं. फोडी आधी पाच-सात मिनिटं वाफवून घ्या, पोकळ्या मिटतात, मग तेल शोषलं जात नाही. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून चिरा. ओली चिरली की तार सुटते आणि ती मोडायला लोक तेल ओततात. दोन आमसुलं किंवा थोडा लिंबाचा रस घातला, झाकण न ठेवता परतली, की तार तशीही मोडते.

फळं नगावर

बहुतेक फळांत पाणी ८० ते ९० टक्के, थोडा चोथा, बाकी साखर. भाजीपेक्षा कॅलरी जास्त, पण बिस्किट-फरसाणापेक्षा किती तरी कमी. त्यांना ठोक रक्कम लावता येत नाही, कारण कलिंगडाची फोड आणि सीताफळ यांत फार अंतर आहे. ग्रॅममध्ये तोलायची मात्र गरज नाही. नग पुरतात.

वेलची केळं, सोलल्यावर ५० ग्रॅमच्या आसपास: ४५. मोठं हिरव्या सालीचं केळं: ९० ते १०५. नागपुरी संत्रं: ५०. मध्यम सफरचंद: ८५. मध्यम पेरू: ८० ते १००. चिकू: ५५ ते ६०. मध्यम सीताफळ: ११० च्या आसपास, आणि दोन खाल्ल्याशिवाय कोणी उठत नाही. द्राक्षं वीसेक दाणे: ७०. डाळिंबाचे वाटीभर, १०० ग्रॅम दाणे: ८५. पपईच्या फोडी २०० ग्रॅम: ८५. कलिंगड ३०० ग्रॅम गर: ९०. फणसाचे आठळ्या काढलेले गरे १०० ग्रॅम: ९५. स्ट्रॉबेरी १०० ग्रॅम: ३२, महाबळेश्वरला क्रीम घालून देतात ते सोडून.

आता आंबा. अडीचशे ग्रॅमच्या हापूसमधून साल-कोय वजा जाता दीडशे ग्रॅम गर निघतो, म्हणजे ९० कॅलरी. परदेशी माहितीवर चालणाऱ्या अॅपमध्ये ‘आंबा, १ नग’ लिहिलंत तर २०० लागतात, कारण अमेरिकी तक्त्यातला एक आंबा म्हणजे ३३६ ग्रॅम गर. केळ्याचंही तसंच: तिथलं ‘मध्यम केळं’ १०५ कॅलरींचं, आपलं वेलची केळं त्याच्या निम्म्याहून लहान. अॅपमध्ये नग निवडण्याऐवजी ग्रॅम निवडा आणि वरचे आकडे एकदा स्वतःच्या यादीत साठवून ठेवा.

हंगामात दिवसाला चार हापूस खाल्ले तर ३६० कॅलरी होतात. ते खाऊ नका असं नाही. त्या दिवशी तीन-चार पोळ्यांची जागा आंब्याने घेतली असं लिहा आणि खरोखर घेऊ द्या. फळांमुळे वजन अडकतं ते बहुधा इथे: फळ ‘चांगलं’ म्हणून जेवणाऐवजी नव्हे, जेवणावर खाल्लं जातं. फळ रात्री खाल्लं तर चरबी होते, जेवणानंतर खाल्लं तर सडतं, केळ्याने पोट सुटतं, यात काही तथ्य नाही. रात्री नऊ वाजता चिवड्याऐवजी सफरचंद खात असाल तर खात राहा.

दिवसाला दोन ते तीन फळं बहुतेकांना पुरतात. जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एक फळ चावून खाल्लं तर फायदा जास्त. २००९ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात हे करून पाहिलं गेलं. जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्यांनी, फळ धरूनसुद्धा, एकूण १५ टक्के कमी कॅलरी घेतल्या. त्याच सफरचंदाचा गर किंवा रस दिला तेव्हा तेवढा परिणाम दिसला नाही.

रस, शेक आणि सुकलेलं फळ

म्हणून फळाचं रूप बदललं की खातंही बदलायचं. मोसंबीच्या ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. चार मोसंबी सोलून, पाकळ्या काढून खायला वीस मिनिटं जातील आणि दुसऱ्याच फळाला पुरे वाटेल. रस दोन मिनिटांत संपतो, चोथा गाळणीत राहतो, कॅलरी शंभराच्या पुढे. रस पेय म्हणून लिहा, फळ म्हणून नाही. शहाळ्याचं पाणी त्यामानाने सौम्य, एका शहाळ्याला ४० ते ६०, पण आतली मलई खाल्लीत तर ती वेगळी.

चिकू शेक: दोन चिकू ११५, म्हशीचं २०० मिलि दूध २००, साखर दोन चमचे ४०. साडेतीनशे कॅलरी, आणि वहीत नोंद ‘चिकू २’. शिकरण, फ्रूट सॅलड, आमरसावर सोडलेलं तूप, सगळ्यांची हीच कथा. आमरस बिनसाखरेचा, बिनतुपाचा असेल तर वाटीभराचे १२० धरा. पुऱ्या त्याच्याबरोबर येतात, त्या विसरू नका.

सुकवलेल्या फळातलं पाणी गेलेलं असतं. ताजं अंजीर १०० ग्रॅमला ७५, सुकं २५० च्या घरात. मनुका ३००. दहा मनुका म्हणजे १५ कॅलरी, ठीक आहे, पण डबा उघडा ठेवून मूठ-मूठ खाल्ल्या तर मुठीला शंभर. बिनबियांचा लहान खजूर २३, मोठ्या जातीचा ६५.

उपासाच्या दिवशी हिशोब सगळ्यात जास्त घसरतो, कारण ‘आज काही खाल्लंच नाही, फक्त फराळ’. ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि अर्धा बटाटा, ही एक बशी खिचडी ५०० कॅलरींची. त्यामानाने एक उकडलेलं रताळं, दोन वेलची केळी आणि कपभर दूध पावणेतीनशे-तीनशेत बसतं आणि पोटही टिकतं.

बाहेरच्या जेवणातली भाजी भाजी म्हणून लिहू नका. पावभाजी, व्हेज कोल्हापुरी, मिसळीवरची तर्री यात तवंग दिसतोच. किमान तीन चहाचे चमचे तेल, म्हणजे १२५ कॅलरी, आधी लिहा. बाकी अंदाज त्यावर.

कोणी ही पद्धत जशीच्या तशी वापरू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फळं आणि पिठूळ भाज्या कर्बोदकांच्या ग्रॅममध्येच मोजाव्या लागतात, ठोक रक्कम चालत नाही. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियममुळे कोणती भाजी किती हे डॉक्टरच ठरवतात. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नयेत, प्रमाण रोज सारखं ठेवावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅलरी कापू नयेत. आणि मोजताना दोन काकड्यांचीही धास्ती वाटायला लागली, न मोजलेला घास खाता येईना, तर वही बंद करून कोणाशी तरी बोलावं. वजनापेक्षा ते आधी.

काटा हलेना तेव्हा

रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, पण रोजच्या आकड्याकडे नाही, आठवड्याच्या सरासरीकडे बघा. लोणचं-पापड जास्त झाले, पाळी जवळ आली, की किलोभर पाणी अंगात धरून राहतं. तीन-चार आठवडे सरासरी जागची हलली नाही तरच हिशोब उघडा, आणि या क्रमाने: आधी तेलाची बाटली, मग कूट आणि खोबरं, मग चहातली साखर आणि रस-शेक, मग पोळ्यांचा आकार आणि भाताची मूद, मग बटाटा-मटार, मग फळांचे नग. पहिल्या तीन पायऱ्यांवर बहुतेकांचे शे-दोनशे सापडतात. भाजीची १०० ची ठोक रक्कम यादीत सगळ्यात खाली आहे. तिथवर पोचलात तर ती वाढवा, म्हणजे १०० ऐवजी १५० लिहा. भाजी कमी करू नका.